दवाखान्यातील आग : ज्याला पळता येत नाही त्याचे काय?



या पानावर आपण नेहमी बेणे, खत, ठिबक आणि खोडव्याची निगा याविषयी वाचता. या वेळी आम्ही जरा वेगळा विषय घेतला आहे. विषय दवाखान्याचा आहे, पण तो आपल्या घराबाहेरचा आहे असे कोणी समजू नये. वर्षातून एकदा तरी घरातले कोणी ना कोणी दवाखान्यात दाखल असतेच. कोणाची सून बाळंतपणाला, कोणाचे वडील दम्याने, तर कोणाचा मुलगा मोटारसायकलवरून पडून. आपण रुग्णाला तिथे नेतो, खाटेवर निजवतो, आणि आता तो सुरक्षित हाती आहे असे म्हणून निर्धास्त होतो. बहुतेक वेळा ते खरेही असते. पण गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात जे घडले, ते पाहता केवळ निर्धास्त राहून चालणार नाही.

उसाच्या फडाला आग कशी लागते, हे आपल्याला सांगायला नको. वरून लोंबत्या तारा गेलेल्या असतात, वारा सुटतो, तारेला तार घासते, ठिणगी पाचटात पडते आणि घटकाभरात फड काळा होतो. नुकसान होते, पण फडातला माणूस बांध ओलांडून पळतो. जळीत ऊस लवकर तोडून आणता येतो. दवाखान्यात मात्र जो अडकला आहे त्याला पळताच येत नाही. त्याच्या नाकाला नळी, हाताला सलाईन, कोणी बेशुद्ध, कोणी दोन दिवसांचे मूल. दवाखान्याच्या आगीचा सगळा प्रश्न इथे आहे.

काय काय घडले?

९ जानेवारी २०२१ रोजी, मध्यरात्रीनंतर, भंडारा येथील जिल्हा रुग्णालयात नवजात अर्भकांच्या अतिदक्षता कक्षात आग लागली. कमी वजनाची, अपुऱ्या दिवसांची, जन्मतः आजारी अशी बाळे या कक्षात ठेवतात. त्या रात्री तिथे १७ बाळे होती. एका भागातील ७ बाळांना बाहेर काढता आले. दुसऱ्या भागातील १० बाळे गेली. त्या वेळी सरकारने जी माहिती दिली तीत असे होते की, १० पैकी ३ बाळे भाजून गेली आणि ७ बाळे धुराने गुदमरून गेली. हा आकडा नीट ध्यानात ठेवावा. जाळापेक्षा धुराने जास्त जीव घेतले. बाळाला ऊब देणाऱ्या यंत्राच्या विजेच्या भागात ठिणगी उडून सुरुवात झाली, असे चौकशीत पुढे आले.

त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईत भांडुप येथे एका मॉलला आग लागली. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर दवाखाना होता. आग खाली, पण धूर वर चढला आणि रुग्ण दगावले. २३ एप्रिलच्या पहाटे विरार येथील विजय वल्लभ रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून किमान १३ रुग्ण गेले. ६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवसांत, आपल्या शेजारच्या नगरच्या जिल्हा रुग्णालयात कोरोनाच्या अतिदक्षता विभागात आग लागली. त्या वेळी तिथे १७ रुग्ण होते. त्यांतील किमान ११ जण दगावले. ही वेळ रात्रीची नव्हती, भर सकाळची होती.

नगरचे नाव आज अहिल्यानगर झाले आहे, पण आष्टी-कड्याकडच्या माणसाला ते कालही जवळचे होते आणि आजही आहे. पोटात दुखले तरी तिकडचा माणूस बीडऐवजी नगरची गाडी धरतो. बाकीचे आपण बीडच्या जिल्हा रुग्णालयात जातो, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जातो, त्याहून अवघड दुखणे असले तर लातूर, सोलापूर किंवा संभाजीनगर गाठतो. तेव्हा भंडारा दूर आहे, विरार दूर आहे, असे म्हणून सुटका नाही.

आणखी एक घटना आगीची नाही, पण याच विषयातली आहे. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या मोठ्या टाकीला गळती लागली. ठिणगी नाही, जाळ नाही. फक्त नळातला दाब कमी झाला, आणि जे रुग्ण त्या नळावर जगत होते त्यांतील २२ जण त्या दिवशी गेले. म्हणजे आग विझवणे एवढाच अर्थ 'सुरक्षितता' या शब्दाचा होत नाही. रुग्णाचा श्वास ज्या यंत्रांवर, नळांवर आणि तारांवर अवलंबून आहे, त्या साऱ्यांची राखण हा त्याचा अर्थ आहे.

दवाखान्यात आग लवकर का भडकते?

पहिले कारण वीज. तीन अश्वशक्तीच्या मोटरीची केबल साडेसातच्या मोटरीला जोडली तर काय होईल, हे कोणताही बागायतदार सांगेल. केबल तापेल, वरचे आवरण वितळेल आणि एक दिवस धूर निघेल. पुष्कळ दवाखान्यांच्या इमारती दिवे आणि पंखे यांच्या हिशोबाने बांधलेल्या. पुढे त्यात वातानुकूलन यंत्रे आली, व्हेंटिलेटर आले, बाळांना ऊब देणारी यंत्रे आली. ही यंत्रे चोवीस तास चालतात, त्यांना विसावा नाही. तार मात्र जुनीच. कुठे एका बोर्डाला चार पिना, कुठे जमिनीवरून लोंबती वायर. डीपीवरचा फ्यूज सारखा जातो म्हणून त्यात जाड तार घालणारे महाभाग आपल्याकडे आहेत. त्याने फ्यूज जायचा थांबतो, पण पुढे मोटर जळते. दवाखान्यात असे केले तर मोटरीवर भागत नाही.

दुसरे कारण ऑक्सिजन. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्याला जोर देतो. लोहाराचा भाता आठवा. निखारा तोच असतो, पण भात्याने वारा दिला की लोखंड लाल होते. आपण श्वास घेतो त्या हवेत ऑक्सिजनचे प्रमाण सुमारे २१ टक्के असते. बंद खोलीत नळ्या गळत असतील, मास्क उशाशी काढून ठेवलेले असतील, तर हे प्रमाण वाढते. दोन-चार टक्क्यांनी वाढले तरी चादर, गादी, केस, कपडे नेहमीपेक्षा फार वेगाने पेट घेतात. चादरीत मुरलेला ऑक्सिजन लगेच जातही नाही. म्हणून अतिदक्षता विभागातली लहानशी ठिणगी ही साधी ठिणगी नसते. त्यात हात धुण्याचे स्पिरिट, प्लॅस्टिकच्या नळ्या, फोमच्या गाद्या यांची भर पडते.

तिसरे कारण धूर. स्वयंपाकघरात धूर कोंडला की चुलीपुढची बाई खाली वाकून बसते, कारण धूर आढ्याकडे साचतो आणि खाली श्वास घेता येतो. पण खोली बंद असेल तर धूर हळूहळू खाली उतरत जमिनीला टेकतो. बाळंतिणीच्या बंद खोलीत शेगडी ठेवू नये असे डॉक्टर सांगतात, ते याच कारणाने. जळण्यातून निघणारा विषारी वायू दिसत नाही, त्याला वास नसतो, आणि झोपेतल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही. डिसेंबर २०११ मध्ये कोलकात्याच्या आमरी रुग्णालयात तळघरात साठवलेल्या सामानाला आग लागली. धूर वरच्या मजल्यांवर चढला. काचा पक्क्या बंद, धुराला बाहेर जायला वाट नाही. नव्वदच्या आसपास माणसे गेली, आणि त्यांतील बहुतेकांच्या अंगाला जाळ शिवलाही नव्हता.

पहिली पाच मिनिटे

बंब येईपर्यंत काय करायचे, यावर सगळे अवलंबून आहे. आपल्या जिल्ह्यात बंब मुख्यतः नगरपालिकांकडे असतात. तालुक्याच्या गावात तो लवकर पोहोचेल, पण वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या ग्रामीण रुग्णालयात पोहोचायला अर्धा तासही लागू शकतो. अतिदक्षता विभागात धूर भरायला एवढा वेळ लागत नाही. म्हणजे पहिली लढाई बंबाने नव्हे, तर पाळीवर असलेल्या नर्स, वॉर्डबॉय आणि पहारेकरी यांनीच लढायची असते.

त्यासाठी जगभरच्या दवाखान्यांत चार गोष्टी शिकवतात. आपल्या भाषेत त्या अशा : सोडवा, सांगा, कोंडा, विझवा.

सोडवा म्हणजे आगीच्या अगदी जवळ असलेल्या रुग्णाला आधी हलवा. सांगा म्हणजे घंटा वाजवा, ओरडा, १०१ ला फोन करा. कोंडा म्हणजे रुग्ण बाहेर काढले की त्या खोलीचे दार ओढून घ्या. फडाला आग लागली की आपण पुढचा पट्टा तोडून मोकळा करतो आणि आग तिथे थोपवतो. बंद दार हे तोच पट्टा आहे. उघड्या दारातून धूर साऱ्या मजल्यावर जातो, बंद दार त्याला काही मिनिटे अडवते. तेवढ्या वेळात पलीकडच्या वॉर्डातले रुग्ण वाचतात. विझवा हे सर्वांत शेवटी, आणि तेही आग लहान असेल तरच. भिंतीवरचे लाल नळकांडे दहा-वीस सेकंदांत रिकामे होते. त्याची पिन ओढायची, नळी जाळाच्या बुडाशी धरायची, दांडा दाबायचा आणि इकडून तिकडे फिरवायचे. विजेच्या आगीवर पाणी कधीही मारायचे नाही.

रुग्ण हलवायचा म्हणजे थेट जिन्याने खाली न्यायचा, असे आपल्याला वाटते. जाणकारांचे सांगणे वेगळे आहे. खाटेवरचा रुग्ण जिन्याने उतरवायला चार माणसे लागतात आणि जिना अडून बसतो. म्हणून पहिल्यांदा त्याच मजल्यावर, जाड दारापलीकडच्या सुरक्षित भागात सर्वांना सरकवायचे. पुढचे नंतर. स्ट्रेचर नसेल तर चादरीसकट किंवा गादीसकट ओढत न्यायचे. एक धट्टीकट्टी नर्स वजनदार माणसालाही असे ओढू शकते, मात्र तिने ते आधी करून पाहिलेले असले पाहिजे. लिफ्ट वापरायची नाही.

ऑक्सिजनच्या मुख्य नळाची चावी कुठे आहे आणि ती बंद करायचा हुकूम कोणी द्यायचा, हेही आधी ठरलेले असावे लागते. चावी उघडी ठेवली तर आग भडकते. घाईने बंद केली तर शेजारच्या वॉर्डात नाशिक घडते. म्हणून त्या नळावरच्या रुग्णांना आधी सुटे सिलिंडर लावायचे आणि मग चावी फिरवायची. हा निर्णय रात्री दोन वाजता घाबरलेल्या एकट्या मुलीवर सोडून चालत नाही. तो कागदावर लिहून, भिंतीवर लावून, दर काही महिन्यांनी सराव करून अंगवळणी पाडायचा असतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आग लागली की लोकांचा राग पाळीवरच्या नर्सवर निघतो. कोणी कामात कसूर केली असेल तर तिची चौकशी झालीच पाहिजे. पण जिची तार जुनी, जिला सराव कधी दिला नाही, जिच्या एकटीवर वीस रुग्ण टाकले, तिला एकटीला दोषी ठरवून पुढची आग टळत नाही. कोलकात्याच्या त्या आगीत दोन तरुण नर्सनी आठ रुग्णांना बाहेर काढले आणि नवव्यासाठी परत गेल्या त्या आल्याच नाहीत. धैर्य आपल्याकडे कमी नाही. तयारी कमी पडते.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. तो डिसेंबर २००८ पासून लागू झाला. त्याचे सार असे की, इमारतीतील आगीची साधने बसवणे आणि ती चालू स्थितीत ठेवणे ही मालकाची किंवा ती इमारत वापरणाऱ्याची जबाबदारी आहे. परवाना असलेल्या संस्थेकडून साधनांची तपासणी करून, ती ठाकठीक असल्याचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावा लागतो. त्याला 'ब' नमुना म्हणतात. डिसेंबर २०२० मध्ये, गुजरातमधील दवाखान्यांच्या आगींनंतर, सर्वोच्च न्यायालयानेही कोरोना रुग्णालयांच्या आगविषयक तपासणीचे आदेश राज्यांना दिले होते. भंडारा त्यानंतर महिन्याच्या आत घडले.

कायदा आहे, पण तो फायलीत राहतो. आपल्या कारखान्याचेच उदाहरण घ्या. बॉयलरची तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय अग्निप्रदीपन होत नाही. मुहूर्त ठरलेला असो की पाहुणे आलेले असोत. बगॅसच्या ढिगाजवळ कोणाला बिडी ओढू देत नाहीत, मग तो संचालकाचा पाहुणा का असेना. ही शिस्त यंत्रासाठी आणि भुशासाठी आपण पाळतो. खाटेवरच्या माणसासाठी तेवढी तरी मागायला हरकत कोणती?

आपण काय करायचे?

पहिले, नातेवाईक म्हणून. रुग्णाभोवती चार-पाच माणसे बसू नयेत. पथारी, डबे, पिशव्या जिन्यात आणि दारात ठेवू नयेत. आपण नकळत वाट अडवतो. दवाखान्याच्या आवारात बिडी-सिगारेट नको, बाळंतिणीच्या पाण्यासाठी वॉर्डात शेगडी किंवा कॉइल नको. मोबाईल चार्ज करायला यंत्राची पिन काढू नये. आपली श्रद्धा कितीही असो, ऑक्सिजन लावलेल्या रुग्णाजवळ उदबत्ती किंवा निरांजन लावू नये. सिलिंडरच्या चावीला तेलकट हात लावू नये. घरी ऑक्सिजनचे यंत्र आणले असेल तर ते चूल, गॅस आणि देवघर यांपासून लांब ठेवावे, आणि त्या खोलीत बिडी पूर्ण बंद.

दुसरे, रुग्ण दाखल केल्यावर, जीव थाऱ्यावर आला की पाच गोष्टी पाहून घ्याव्यात :

१. बाहेर पडायच्या वाटा दोन आहेत का? दुसरी वाट कुलूपबंद तर नाही ना?

२. आग विझवण्याचे नळकांडे कुठे आहे? त्याचा काटा हिरव्या भागात आहे का, तपासणीची तारीख केव्हाची आहे?

३. रात्री वॉर्डात कोण असते? कुलपाची किल्ली कोणाजवळ असते?

४. वीज गेली तर जनरेटर आपोआप सुरू होतो की माणूस शोधावा लागतो?

५. जळका वास, ठिणगी, तापलेला बोर्ड दिसला तर कोणाला सांगायचे? आणि सांगितल्यावर कोणी हलते का?

असे विचारले तर डॉक्टर रागावतील, असे पुष्कळांना वाटते. विचारण्याची पद्धत असते. "डॉक्टरसाहेब, रात्री काही झालं तर आम्ही कुठल्या दारानं निघायचं?" एवढे नम्रपणे विचारले तर कोणी रागावत नाही. चांगल्या डॉक्टरांना हा प्रश्न आवडतो. तालुक्याच्या गावी पुष्कळ दवाखाने दुकानांच्या वर, एकाच अरुंद जिन्यावर चाललेले आहेत. साधने बसवायला खर्च येतो, ही त्यांची अडचणही खरी आहे. पण दुसरे दार मोकळे ठेवणे, बोर्डावरचा भार कमी करणे आणि महिन्यातून एकदा अर्धा तास सराव करणे याला फारसा पैसा लागत नाही.

तिसरे, गावचे कारभारी म्हणून. आपल्यापैकी कोणी सरपंच आहे, कोणी पंचायत समितीत, कोणी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या किंवा ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीवर. या समितीच्या बैठकीत रंगरंगोटी आणि खुर्च्या यांवर चर्चा होते. त्यात एक विषय कायमचा घालावा : वीजजोडणीची तपासणी केव्हा झाली, 'ब' नमुना केव्हाचा आहे, शेवटचा सराव कोणत्या तारखेला झाला. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे. तोंडी 'झालंय, झालंय' वर समाधान मानू नये. पुढच्या बैठकीत तेच पुन्हा विचारावे. ऊसबिलाचा हिशोब आपण पैशापैशाने विचारतो, तसाच हाही विचारावा.

आग लागल्यावर विहीर खणायला घेऊ नये, हे आपले जुने शहाणपण आहे. भंडाऱ्याच्या त्या १० बाळांच्या आया बाहेर होत्या, लेकरू काचेच्या आत सुरक्षित आहे या भरवशावर. तो भरवसा खरा ठरावा यासाठी काही करणे आपल्या हाती आहे, आणि ते येत्या बैठकीपासून सुरू करता येईल.

हे क्रमांक घरात भिंतीवर लिहून ठेवावेत : आगीसाठी १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८, कोणत्याही संकटात ११२.